गोर्लिट्झची वेळ

घड्याळाचा विषय निघालाच आहे, तर आमच्या जर्मन साहेबांचं ऐका. ते गोर्लिट्झचे, म्हणजे जर्मनीच्या पार पूर्वेला नदीकाठचं छोटंसं गाव. शारजातल्या घरून निघून ट्रॅफिक जॅममुळे मी दुबईतल्या ऑफिसला उशिरा पोचलो, की ते मनगट पुढे करून सुनवायचे, "महायुद्धानंतर नदीपलीकडचं अर्धं गाव पोलंडला गेलं, पण गावातून जाणारं रेखावृत्त आमच्याकडेच राहिलं. अख्ख्या जर्मनीची घड्याळं त्याच्यावर लागतात."

जूनमध्ये मी त्यांना घरी जेवायला बोलावलं.

"आठ म्हणजे आठ," ते म्हणाले.

आठ वाजले, नऊ वाजले. बायकोने आमटी दोनदा गरम केली. दहाला बेल वाजली. दारात साहेब, घामाने निथळत.

"हा तुमचा शारजाचा रस्ता," एवढंच बोलले.

आमची शाळकरी लेक मोबाईलवरून मान वर न करता म्हणाली, "रिलॅक्स अंकल, इट्स एट इन जर्मनी. यू आर ऑन टाइम."

बायको हसू दाबत स्वयंपाकघरात पळाली.

दुसऱ्या दिवशी मी परत उशिरा पोचलो. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि शर्टाची बाही हळूच घड्याळावर ओढून घेतली.