अकरातला एक ठेवला

हॅलो?… कोण? अगं, तू होय. हा कोणाचा नंबर?… मैत्रिणीचा. बरं. मग नाक का ओढतेस?

हो, हो… अगं ऐक ना. तुझे व्हिडिओ हरवले नाहीत. मीच काढून टाकले. रविवारी. सकाळी मोबाईलमधून कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेस, ते आत्ता उघडलेस?

का म्हणजे? मोबाईल माझा, सिनेमा तुझा. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजचा फोटो काढायला गेलो, तर म्हणतो जागा नाही. बघतो तर तुझा हिरो. अकरा वेळा तेच. बसस्टॉपवरून निघतो, चालतो…

शिंपी आहे मी, बाई. एक बेतलं की बाकीच्या चिंध्या.

नाही, आईचा व्हिडिओ नाही काढून टाकणार. असू दे त्यात ती मिठाचा डबाच विचारत. तेवढाच आवाज उरलाय तिचा घरात.

हां… एक ठेवलाय ना. चांगला बघूनच ठेवला.

शेवटचा? अकरावा? त्यात नुसती पाठ होती गं. मला वाटलं, फसला…

तोच हवा होता?

मागे वळून न बघता जायचं होतं. असं. मग दहा वेळा वळला कशाला तो?

ठोंब्या म्हणालीस त्याला? सगळ्यांसमोर? म्हणून शनिवारपासून अबोला. तरीच. तीनदा आला दुकानात बटण लावून घ्यायला. एकाच शर्टाचं. धागा कापलेला स्वच्छ दिसतो, मला शिकवतो का तो?

बरं, रागाव. पण मी ठेवलाय तो बघ आधी. लाव… मी थांबतो.

वळला?

कुठे बघतोय?… कॅमेऱ्यात नाही गं. जरा वर बघतोय. कॅमेरा कोणाच्या हातात होता?

परत लावतेस? लाव.

मला काय विचारतेस? मी काय सिनेमावाला? पण तुझी आई गल्लीतून जायची तेव्हा मी दोन बाह्या उलट्या शिवल्या होत्या. एकाच सदऱ्याला. माणूस असा बघायला लागला की कामाची वाट लागते, एवढं कळतं मला.

सिनेमा उद्या दुपारी द्यायचा ना? मग पाठ हवी तर पाठ घे, हे हवं तर हे ठेव. दिग्दर्शकबाई तुम्ही.

मी नाही बोलणार त्याच्याशी. ठोंब्या तू म्हणालीस, मी नाही.

त्याचा नंबर आहे ना? मग झालं तर… हो, ठेव, मैत्रिणीचा फोन आहे. पण ऐक, माझी चूक मी कबूल केली. तू त्याला अजून फोन केलेला नाहीस.