सहावा बार

गिरिजाबाई : सरा बाजूला, आबारावदादा. विहिरीत उतरायला बायका कवाच्या खोळंबल्यात. दुष्काळी कामाचा मुकादम वरडायलाय.

आबाराव : शिडीला हात लावू नका, गिरिजाबाई. बिराप्पा, सुरुंग किती लावलेस?

बिराप्पा : सहा.

आबाराव : उडाले किती?

बिराप्पा : सहाच की.

आबाराव : म्या रस्त्यावरनं पाच ऐकले.

बिराप्पा : लांबून दोन बार एकच वाटत्यात. हवालदार, अकरा महिने रान आन् एक महिना फौज, तसा तुमच्यावानी मीबी टेरिटोरियल फौजवालाच हाय. सुरुंगाचे धडे टपालानं शिकलो म्हणून काय झालं? तुमच्या कॅम्पवाल्यांपरीस मार्क जास्त हैत मला.

गिरिजाबाई : व्हय. शिक्क्याचा कागद आलाय ह्यांचा.

आबाराव : शिक्का दगडाला कळत न्हाय. वात पेटवल्यावर काय केलंस, ते सांग.

बिराप्पा : पुस्तकात हाय तसंच. पळालो, बांधाआड पालथा पडलो, दोनी कान गच्च झाकले.

आबाराव : मग मोजलंस कशानं?

गिरिजाबाई : अवो, सांगा की दादांस्नी.

बिराप्पा : 'कान झाका' आठव्या धड्यात हाय. 'बार मोजा' नवव्यात. दोनी उत्तरं बरोबर आलती माझी.

आबाराव : कॅम्पात उस्ताद आमच्या पाठीवर पाय देऊन सांगायचा, पोट जमिनीला टेकवा, बार पोटानं मोजा. चुकला की पुन्हा पालथं. तू का आला न्हाईस तवा?

बिराप्पा : घरी अडचण व्हती.

गिरिजाबाई : म्याच अडवलं, दादा. पोटुशी व्हते, पानी दोन कोसावर. म्हनलं, टपाल येतंय की, घरीच शिका.

आबाराव : वात आत धुमसत असंल. अर्धा तास कुणी उतरायचं न्हाय. समदी बांधाआड चला.

बिराप्पा : आन् सहा झालेलेच असले तर? मुकादम हसंल मला. म्या एकलाच बघून येतो.

गिरिजाबाई : हसू द्या त्याला. धोतर सोडनार न्हाय म्या तुमचं. बसा हितं.

आबाराव : बसू नको, पालथा पड. कान उघडे ठेव.

(विहिरीतून दणका. बांधापलीकडं दगड पडत राहतात.)

आबाराव : किती?

बिराप्पा : सहा. पोटात वाजला.

गिरिजाबाई : दादा, पुढला कॅम्प कवा हाय?

आबाराव : दिवाळी झाल्यावर. महिनाभर.

गिरिजाबाई : जावा तुमी. पानी म्या आनीन.