बिशपचं नाव आणि एक मत

—एवढी खोल नको रे छिन्नी, मॅडॉक! बिशपचं नाव आहे, विहीर नाही खणायची. वरची नावं बघ, किती नाजूक कोरलीयत—आणि माणसं तरी केवढी! ही अगदी वरची सगळी लंडनहून नेमून आलेली. आपल्या वेल्श भाषेत साधं पाणी मागता यायचं नाही त्यांना, पण ग्रीक तोंडपाठ! मग एकोणीसशे वीस साली आपण इंग्लंडच्या चर्चपासून वेगळे निघालो, जुन्या चार धर्मप्रांतांचे पुढे सहा झाले, बिशप आपले आपण निवडायला लागलो. चांगलंच झालं की. मीच नाही का त्यावर पुस्तक लिहिलं? चारशे पानांचं. तू कशाला वाचशील म्हणा—इलटिडनेही नाही वाचलं, आणि तो आता बिशप!

म्हणजे माझा राग नाही हं. तीस वर्षांची दोस्ती आहे. धर्मशास्त्राच्या कॉलेजात एका खोलीत राहिलो आम्ही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा—तिघे मिळून एकच देव कसा, हे परीक्षेच्या आदल्या दिवशी तीनदा समजावलं मी त्याला. तीनदा! शेवटी म्हणतो, ‘ओवेन, तू पाठ कर, मी तुझ्या मागच्या बाकावर बसतो.’ आणि आता लोक सांगत फिरतात—काय प्रवचन करतो, रडवतो म्हणे. रडवायला काय, कांदाही रडवतो! जळतो का मी? हो, जळतो. झालं समाधान? तू कोर, कोर, हात थांबवू नकोस.

आमची निवडणूक कशी होते, ठाऊक आहे तुला? सत्तेचाळीस जणांना ह्याच कॅथेड्रलात कोंडतात, दाराला आतून कुलूप. चिठ्ठीवर नाव लिहायचं, आणि कुणाला मत दिलं ते बाहेर बोलायचं नाही—शपथच असते तशी. मी बोलतोय कुठे? नुसते आकडे सांगतोय. पहिल्या फेरीत इलटिडला एकोणतीस, किनाऱ्याकडच्या चर्चच्या त्या लांबनाक्या डीनला सतरा, आणि मला—एक. मोठ्याने वाचून दाखवतात, बरं का. मागे कुणीतरी खोकलं. खोकलं कसलं, हसलंच मेलं! निवडून यायला दोन तृतीयांश, म्हणजे बत्तीस मतं लागतात; दुसऱ्या फेरीत निवडून आला इलटिड.

संध्याकाळी आला की आमच्या घरी! आमच्या सीअनने केलेल्या मनुकांच्या पावाचे, ‘बारा ब्रिथ’चे, चार तुकडे खाल्ले, लोणी लावून. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणतो कसा—‘ओवेन, ते एक मत माझं होतं रे.’ झालं! आमच्या बाईसाहेबांनी रुमालच काढला. माझी बायको, पण प्रार्थना करते त्याच्यासाठी—रोज! अरे, एकोणतीस मिळाली होती ना तुला? मग माझं ते एक तरी माझं राहू द्यायचं! तेही ह्याने आपल्या नावावर घेतलं. खोटारडा! बिशप होऊन चार तास झाले नाहीत आणि धडधडीत थाप, तीही माझ्याच चुलीजवळ बसून! आणि मला तोंडावर बोलता येत नाही—

थाप कशावरून म्हणजे? साधा हिशेब आहे, मॅडॉक. त्याने दिलं असतं, तर दोन व्हायला हवी होती ना!

...काय झालं?

छिन्नी का खाली ठेवलीस? बघतोस काय असा? मी—मला असं म्हणायचं होतं की...

हसू नकोस. हसू नकोस म्हणतो ना! पुरे झालं आजचं काम. उचल अवजारं आणि नीघ.