‘पिशवी’ हा शब्द कुणी खोडला?

आपल्या संस्थेचे सन्माननीय अध्यक्ष अमरसिंहदादा, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या डॉ. रोहिणी मॅडम, त्यांच्या मातोश्री छबुबाई, आणि अंबाजोगाईच्या या सभागृहात दाटीवाटीने बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

माझ्या आधी पाच जण बोलले. मॅडम किती शांत, किती मनमिळाऊ, कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत. साफ खोटं! मला बोलल्या आहेत, चांगला अर्धा तास, भर रस्त्यात उभं करून. आणि माझी लायकी तीच होती. मी महांतेश, मराठीचा प्राध्यापक. निरोपाच्या कार्यक्रमात असलं बोलू नये हे मला कळतं. पण राग आवरतच नाही, तर काय करू?

मॅडमनी आयुष्यभर संशोधन कशावर केलं, हे एकानेही सांगितलं नाही. डॉक्टर सांगतो एक आणि बाईला कळतं भलतंच, ते का, हे त्या बावीस वर्षं शोधत राहिल्या. शिरूर कासारच्या बायकांबरोबर ऊसतोडीला जाऊन राहिल्या, उसाच्या पाचटावर बसून त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलं. (आम्ही तेव्हा पंख्याखाली बसून शोधनिबंध लिहीत होतो, असो.) त्यातून एक पत्रक तयार झालं. ‘अंगावरून जातंय, कंबर दुखतीय, म्हणून लगेच पिशवी काढू नका. आधी सरकारी दवाखान्यात दाखवा.’ यात न कळण्यासारखं काही आहे का?

पण आपल्या संस्थेच्या समितीला ‘पिशवी’ हा शब्द गावंढळ वाटला. भाषा शुद्ध करायला कागद कुणाकडे आला? माझ्याकडे. मी मोठ्या ऐटीत लिहिलं, ‘अनावश्यक गर्भाशय-निर्हरण शस्त्रक्रिया टाळावी.’ वर डॉक्टरचं आणि गर्भाशयाचं रंगीत चित्र. दादा, तुम्ही माझी पाठ थोपटली होती. मॅडमनी विरोध लिहून दिला, तो फायलीला लागला आणि पत्रक वाटून झालं.

पुढचं मी ऊसतोड करणाऱ्या चंद्रभागाबाईंना विचारूनच सांगतोय. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. तेव्हा त्यांचं वय होतं सव्वीस. आमचं पत्रक कमरेला खोचून त्या एका खाजगी दवाखान्यात गेल्या आणि पिशवी काढून आल्या. मॅडम त्यांना भेटायला निघाल्या, मीही सोबत गेलो. मॅडमनी विचारलं, “बाई, कावून काढली?”

“कावून म्हंजी? तुमच्याच कागदावर डाक्टरचं चित्र हाय, पिशवीचं बी हाय. मला वाटलं सरकारच सांगतंय, काढून घ्या. बाकी लई अवघड लिव्हलंय. मुकादमाला इचारलतं मी. त्यो म्हणला, छापील हाय म्हंजी खरंच आसंल.”

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सर, काय लिव्हलंय वो त्यात?”

मी वाचून दाखवलं. त्यांना ओ की ठो कळेना. अर्थ सांगायला गेलो, तेव्हा मला ‘पिशवी’च म्हणावं लागलं! बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, “सर, भाषा दुरुस्त केलीत. आता ही बाई दुरुस्त करून दाखवा.” त्यानंतरचं मी इथे सांगत नाही.

मी तेव्हा सुधारलो असेन. आपली संस्था सुधारली का? दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. त्यांच्यासाठी तेच जुनं पत्रक पुन्हा छापायला चाललंय, माझ्याच शब्दांत! मॅडमचा मजकूर दोन वर्षं अध्यक्षांच्या टेबलावर पडून आहे. त्यांची जागा आता भरणार नाहीत म्हणे. मग उद्यापासून त्यासाठी भांडणार कोण? मॅडम म्हणाल्या होत्या, सत्कार नको, पत्रक बदला. आपण काय दिलं? शाल. लाज वाटते मला, दादा, आपल्या सगळ्यांची.

संयोजकांनी मला बोलावलं, त्यांचे आभार. पुढच्या वेळी बोलावणार नाहीत, तेही ठीक. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. पत्रकातली चूक मात्र पोटात घालू नका. मॅडमचा मजकूर मी सोबत आणलाय. हा घ्या, दादा. तुमची सही झाल्याशिवाय मी खाली बसत नाही.