वर दाजींचं नाव, खाली विलायतेचं

माझा जन्म श्रीरामपूरचा, मिशनच्या बोर्डिंगमागं कामगारांच्या खोल्या हुत्या तिथला. बाप बोर्डिंगात माळी, आय तिथल्या पोरींसाठी भाकरी थापायची. मिशनच्या हापिसात मी टायपिंग शिकलो आन् त्येच पोटाचं साधन झालं. पंधरा वर्सं झाली, कचेरीम्होरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज टाइप करतो. वर मेहेरबान साहेब, खाली कृपा व्हावी ही नम्र विनंती, मधी ज्याचं त्याचं रडगानं. बोटं झोपेत बी त्येच टाइप करतील, खोटं सांगत न्हाई.

तर माझी थोरली भन मार्था आक्का, तिचे मालक आंतोन दाजी, सुतार मानूस. लगीन झालं आन् दोघं नैरोबीला गेली, तवा तिथं इंग्रजाचं राज्य. दाजी रेल्वेचे डबे दुरुस्त करायचे. इंग्रज गेला, जाताना यांच्या हातात रानीचा पासपोर्ट ठिवला, म्हनला तुमी आमचीच मान्सं. आक्का पोरगीला घिऊन आदी लंडनला गेली, दाजी नोकरीचं आटपून मागनं जानार, तर मधीच तिकडचा कायदा बदलला. लंडनच्या इमानतळावरचा साहेब म्हनला पासपोर्ट आमचा हाय, पन तुमाला आत सोडता येत न्हाई. नैरोबीवाले म्हनले तुमी विलायतेचे, आमी कशाला घिऊ. शेवटी मुंबईला उतरले आन् आमच्या दारात आले, हातात हत्यारांची पेटी.

दोन वर्सं राह्यले बघा. बोलायचेच न्हाईत. माझ्या खुर्चीचा पाय बसव, शेजारनीचं फाटक नीट कर, आसं काय बाय करत बसायचे. पोरगी सोडली तवा सात वर्सांची हुती, आता आक्कानं फोटो धाडला तर दाजी म्हनले ही कोन. त्या दिवशी माझी बायकू रडली.

मंग आक्काचं पत्र आलं. इथला वकील म्हनतो, युरोपातल्या देशांनी मिळून एक आयोग नेमलाय, एखाद्या सरकारनं मान्साचा हक्क मोडला तर साध्या मान्सानं बी त्या सरकारवर तिथं तक्रार करावी. मला हसूच आलं. तरी म्हनलं, अर्जच करायचा ना, त्यात आपला हात कोन धरनार. झकास इंग्रजीत टाइप क्येला, मेहेरबान, कृपा व्हावी, समदं. गल्लीतल्या चाळीस जनांच्या सह्या घितल्या, तिघींचे आंगठे, आन् आपल्या कचेरीचं कोर्ट फीचं तिकीट बी चिकटवलं.

दीड महिन्यानं उत्तर आलं. माझं तिकीट जपून सोडवून परत धाडलेलं. फी लागत न्हाई. चाळीस सह्या बी नकोत, ज्याच्यावर आन्याव झाला त्याची एकट्याची पुरे. कृपा करनं आमचं काम न्हाई, तुमचा कोनता हक्क मोडला, कोनी, कवा, ते लिवा. आन् आदी विलायतेतच दाद मागितली का, शेवटचा नकार आल्याला सहा महिने तर उलटले न्हाईत ना, ते कळवा. आक्काच्या वकिलानं तिकडं दाजींचं अपील क्येलं हुतं, त्याचा नकार त्यानं धाडलाच हुता. मोजलं तर पाच महिने झालेले. म्हंजी हातात एकच महिना.

मी मशीन म्होरं वढलं आन् इचारलं, दाजी, कोनता हक्क. दाजी रंधा मारत हुते. थांबले. म्हनले, पोरीसंगं राहायचा. आन् लिव, त्याच पासपोर्टवर माझ्या म्होरच्या गोऱ्याला आत सोडला, मला रंगावरनं बाजूला क्येला, कुत्र्यावानी. ती लाज लिव. दोन वर्सांत येवढं पहिल्यांदा बोलले. मी त्यांच्याच शब्दांत टाइप क्येलं, पदरचं काय बी न्हाई.

बऱ्याच महिन्यांनी जाड पाकीट आलं. काय सांगू तुमाला. आयोगानं तक्रार ऐकायला घितली हुती, विलायत सरकारला जाब इचारला हुता, आन् सरकारनं दिलेलं उत्तर आमाला धाडलं हुतं, वाचा, यावर तुमचं म्हननं काय ते कळवा. आमाला! माझा बाप कलेक्टरच्या ड्रायव्हरला बगून टोपी काढायचा हो. आन् त्या कागदावर वर दाजींचं नाव, मधी विरुद्ध, खाली विलायतेचं राज्य, समदं सारख्याच अक्षरांत. दाजींनी हात धुतले, पुसले, मंगच कागद हातात घितला.

निकाल लागायच्या आदीच विलायत सरकारचा परवाना आला, या म्हनून. आयोगानं परत दाजींनाच इचारलं, आता तक्रार मिटली म्हनायची का. दाजी म्हनले, न्हाई, चालू ठिव, माझ्या मागं लई जन त्या दारात उभे हायेत. आन् गेले. पोरीनं वळखलं म्हनं, पेटीवरनं.

आता माझं काय, मी हाय तिथंच, लिंबाखाली. परवा एक बाई आली, दुष्काळी कामावरनं तिचं नाव काढलेलं. दादा, कृपा व्हावी लिवा म्हनली. मी कागद चढवला आन् बोटं आडली. म्हनलं, बाई, आदी तुमचं नाव सांगा, पुरं. ते वर टाइप क्येलं, मंग इचारलं कोनी काढलं, कवा काढलं. कचेरी वाचंल का टोपलीत टाकंल, देवबापाला ठावं. बाईला वाचता येत न्हवतं. कागद हातात घिऊन लई येळ बघत राह्यली, मंग म्हनली, माझं नाव कुठं हाय, बोट ठिऊन दावा. मी दावलं. तिनं त्यावर आपलं बोट ठिवलं आन् तसंच धरून कचेरीच्या पायऱ्या चढली.