डोळेवाली क्लिप

कॉम्प्युटरला शिव्या तुम्हीही घालता, पण आमच्या चोपड्याच्या ऑफिसातल्या नानांची सर नाही. वीस वर्षं टाइपरायटर बडवलेला माणूस. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यापुढे कॉम्प्युटर आला. 'डिअर सर' टाइप केलं, की स्क्रीनच्या कोपऱ्यात कागदांना लावतात तशी, पण डोळेवाली क्लिप उगवायची आणि विचारायची, पत्र लिहिताय का, मदत करू का?

"तुले कोनी इचारं रे?" नाना खेकसायचे. बंद केली तरी पुढच्या पत्राला हजर! शेवटी त्यांनी त्या कोपऱ्यावर कार्बन पेपर चिकटवला, तर ती बाजूला सरकून टकमक बघायला लागली.

एकदा साहेबांनी माझ्या बदलीची गोपनीय ऑर्डर नानांना टाइप करायला दिली. ती टाइप करून नाना चहाला जाऊन आले. नंतर मी गेलो, तर चहावाला म्हणतो, "भाऊ, पिंपळनेरला खोली बघितली का?"

मी तडक साहेबांकडे. त्यांनी नानांना बोलावलं. "सही व्हायच्या आत ऑर्डर फुटली कशी?"

नाना संधीच शोधत होते. "त्या क्लिपनं फोडली, साहेब! सारखी डोळे फाडून वाचत होती. ती काढा, माझा टाइपरायटर परत द्या."

साहेबांनी चष्मा काढला. "नाना, मागच्या बदल्यासुद्धा चहावाल्यालाच आधी कळायच्या. तेव्हा टाइपरायटरला कुठे होते डोळे?"