शिवंवर थांबलेला गाडा

माझं माहेर न् सासर दोन्ही वडीगोद्रीच्या अंगाला, मधी एक ओढा, अल्याड सासर, पल्याड माहेर, शीव म्हनजे त्यो ओढाच. बाया म्हनायच्या, हिला काय, सासूशी बिनसलं की ओढा वलांडला न् मायच्या घरात, पण काय सांगू तुम्हाला, वरीस वरीस माय दिसायची न्हाई, बाहेर राज निजामाचं, घरात आमच्या आत्याबाईचं, आन् दुसरं लई कडक. हसू नका, लिव्हा. आत्याबाई म्हनजे सासू. सासऱ्याला मी मामा म्हनायची, ते मरीआईचे भगत, शांत मानूस, बैलाला बी अरे म्हनायचे न्हाईत.

तवा पटकी यायची. उलट्या न् जुलाब, सकाळी वावरात गेलेला मानूस दिवस बुडायच्या आत संपायचा, डाक्टर जालन्याला आसंल, आम्ही तर पाह्यला न्हाई. मंग गाव काय करायचं, लाकडाचा बारका गाडा करायचं, त्यात मरीआई बसवायची, हिरवं लुगडं, बांगड्या, दहीभात, लिंबू, न् हलगी वाजवत गाडा ओढत नेऊन शिवंपल्याड सोडायचा, मागं वळून पाह्यचं न्हाई, देवी गेली, रोग गेला. गेला कुठं? म्होरल्या गावात. मी पोरगी असताना आमच्या माहेरच्या शिवंवर असाच गाडा येऊन पडल्ता, त्या साथीत माझा थोरला भाऊ गेला, माय अल्याडच्या गावाला रोज शिव्या घालायची, आन् नशीब बघा, त्याच गावात मला दिली, आन् गाडा ओढायचा मान ज्या घरचा, त्याच घरात.

लगीन होऊन थोडी वर्षं झाल्ती न् आमच्या गावात पटकी आली. चावडीवर पाटलानं ठरवलं, येत्या मंगळवारी गाडा काढा. मामा घरी येऊन जेवायला बसले. सासऱ्याम्होरं तोंड उघडायची रीत न्हवती, पण म्या दाराआडून बोलले, मामा, पल्याड माझी माय हाये. आत्याबाईनं डोळे वटारले, म्हनली, आन् हितं आमचं गाव मरून राह्यलं ते? तिचं बी बराबर व्हतं, आळीत रोज रडारड. मामा भाकर तशीच ठिवून उठले.

मंगळवारी सगळं गाव गाड्यामागं, आम्ही बाया शेवटाला. पान्याजवळ आलो न् मामांनी हातातली दोरी खाली ठिवली. पाटील म्हनला, थकला का, जल्दी ओढ. मामा म्हनले, न्हाई, हिला मी आई म्हनतो, हिला दुसऱ्याची लेकरं मारायला लावू का, आन् पल्याडची तरी कोनाची हायेत, हिचीच ना? पाटील खवळला, तू काय देवापेक्षा शहाना झाला का, तुझ्या एकट्यापायी गाव मारतो का? कुनीतरी दोरीला हात घातला तसे मामा चाकाम्होरं बसले, म्हनले, आधी माझ्यावरून न्या. मंग म्हनले, गाडा माझ्या वावरात ठिवतो, मी राहीन तिच्यापाशी, खायचंच आसंल तिला तर मला खाईल.

काय सांगू बाई, त्या दिसापून गावानं आम्हाला वाळीत टाकलं, हिरीवर घागर टेकू देईनात, मालक म्हनजे माझा नवरा तो तर माझ्याशी बोलंना, म्हनं तुझ्या मायपायी झालं हे सारं. म्या बांधावर भाकर ठिवून यायची, मामा दुरूनच हात हालवायचे. लोकं वाट पाहून राह्यले, आज मरंल, उद्या मरंल. मामा काई मेले न्हाईत. साथ बी हळूहळू वसरली.

पण माय गेली माझी. हां, गेली. गाडा गेला न्हाई तरी पटकी ओढा वलांडून गेली, तिला काय शीव कळती? म्या पळत वावरात गेले, मामांवर वरडले, डोक्यावर पदर न्हाई का काई न्हाई, म्हनलं, काय उपेग झाला वो मामा? तो येवढा मोठा गडी लेकरावानी रडला. म्हनले, उपेग झाला न्हाई पोरी, पन तुझ्या तोंडाकडं पाह्यता येतंय मला.

मंग थोड्या दिसांनी पल्याडून हलगी ऐकू आली. आम्हाला वाटलं भांडायला आले, गडीमानसं काठ्या घेऊन निघाली. तर म्होरं माझा धाकला भाऊ, मागं माहेरचं समदं गाव, बायांच्या हातात खन, नारळ, तांदूळ. वावरात येऊन त्यांनी देवीची ओटी भरली, भाऊ मामांच्या पाया पडला न् म्हनला, आजवर हिला आमच्याकडं लोटत आनलं, आज आम्ही हिला बोलवायला आलोत. आन् दोरी त्यांनी आपल्या हातानं धरली. आत्याबाई माझ्या मागं उभी, ती कडक बाई, माझ्या पाठीवर हात ठिवून म्हनली, तू बी जा, मायचं घर पाहून ये. तवा म्या रडले, आधी रडूच आलं न्हवतं.

आता पटकी न्हाई, निजाम न्हाई, मामा जाऊन बी जमाना झाला. नातू कालिजात शिकतो, इचारतो, आजी, देव हाये का गं? म्या म्हनते, मला काय इचारतो बाबा, म्या काय भेटून आले? मला येवढंच ठावं, आषाढात मरीआईम्होरं उभी राह्यते, हात जोडते, डोळे मिटले की देवी दिसतच न्हाई, पान्याकाठी चाकाम्होरं बसलेले मामा दिसतेत. देवीला राग येत आसंल का? न्हाई येत. आला असता तर ह्या म्हातारीला येवढं जगवलं असतं का तिनं. चला, लई बोलले, च्या घ्या, न् तुमच्या लेकराबाळांना ती सुखात ठिवो, तुमच्या बी न् पल्याडच्यांच्या बी.